साडेसात रुपयांचं बिल : मुंबईतल्या कला महाविद्यालयांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या कला महाविद्यालयांचे प्राचार्य, भाषा विभागांचे प्रमुख आणि अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका महाविद्यालयातून फोन आला. "मॅडम, तृतीय वर्षाच्या मुलांना तुमच्या व्यवसायाबद्दल सांगायला याल का? बी.ए. करूनही किती काय काय करता येतं, ते कळू दे त्यांना." त्यातला 'करूनही'मधला 'ही' माझ्या कानात अडकून बसला. (एका अक्षरावर तासभर काथ्याकूट करायची सवय तुम्हीच लावली आहे, तेव्हा सोसा.) मी तारीख विचारली, वेळ विचारली आणि मग विचारलं, मानधन किती? पलीकडे शांतता. "मानधन म्हणजे... तसं बजेट नसतं हो. पण आम्ही सत्कार छान करतो."

सत्कार म्हणजे शाल आणि श्रीफळ. अशा सात शाली माझ्याकडे जमल्या आहेत. शाल पांघरावी अशी थंडी मुंबईत वर्षाला चार दिवस पडते. त्यामुळे त्यातल्या दोन मी रेकॉर्डिंगच्या वेळी खिडकीला लावते, रिक्षांचा आवाज जरा अडतो. बाकीच्या पाच कपाटात आहेत.

फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

मी २०१३ साली मराठी घेऊन बी.ए. झाले. कॉलेज दादर-माटुंगा पट्ट्यातलं, नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कुठल्याही कॉलेजला लागू पडावं. राहते भांडुपला. आज माझं चार माणसांचं एक छोटं दुकान आहे. जाहिरातींची मराठी कॉपी, मालिका आणि सिनेमांच्या डबिंगची संहिता, सबटायटल्स, झालंच तर कंपन्यांची माहितीपत्रकं. दुकान म्हणते ते समजून उमजून. घरी अजूनही पाहुण्यांना "हिचं भाषांतराचं काहीतरी चालतं" असंच सांगतात, आणि पाहुणेही "बरं बरं, घरबसल्या बरं असतं" म्हणून चहाकडे वळतात.

हे दुकान उभं राहिलं ते तुम्ही शिकवलेल्यावर. आणि चार वर्षं उभं राहता राहता पडत होतं, ते तुम्ही न शिकवलेल्यामुळे. दोन्ही सांगते.

२०१४च्या पावसाळ्यात अंधेरीतल्या एका जाहिरात एजन्सीतून मला एक ओळ आली. एका रुग्णालयाचं होर्डिंग होतं. हिंदी वाक्य कुणीतरी मराठीत आणून ठेवलं होतं आणि मला त्यावर 'फक्त एकदा नजर टाकायची' होती. ओळ अशी: 'रुग्णांची सेवा हीच आमची चेष्टा.'

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत काय, ते तुम्हाला सांगायला नको. हायवेवर चाळीस फुटी फलक, त्यावर स्टेथोस्कोप घातलेला हसरा डॉक्टर आणि त्याच्या डोक्यावर हे वाक्य, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी एकटीच खूप हसले. मग 'चेष्टा'च्या जागी 'ध्यास' घातला. लिंग बदललं म्हणून 'हीच आमची'चं 'हाच आमचा' केलं. पाठवून दिलं.

बिलाचा प्रश्न आला. माझा दर तेव्हा शब्दाला दीड रुपया होता. शब्द पाच. वहीचा कागद फाडून मी प्रामाणिकपणे साडेसात रुपयांचं बिल लिहिलं, फोटो काढला आणि मेल केला. दोन दिवसांनी अकाउंट्समधल्या माणसाचा फोन. "मॅडम, ते साडेसातशे की साडेसात हजार? टायपिंग मिस्टेक झालीय." मी म्हटलं, साडेसातच. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अहो, तुमचा व्हेंडर कोड उघडायलाच आम्हाला याच्यापेक्षा जास्त खर्च येईल."

ते साडेसात रुपयेही आले नाहीत. साडेसाती म्हणतात ती हीच असावी.

आता शब्दावर पैसे लावायचं मला कुणी शिकवलं? बाजाराने थोडंफार. पण मोजमाप शब्दांत करायचं, हे माझ्या अंगात मुरलं होतं ते प्रश्नपत्रिकेमुळे. 'तीनशे शब्दांत टीप लिहा', 'दीडशे शब्दांत उत्तर लिहा'. तीन वर्षं माझ्या मजकुराला दुसरं मापच नव्हतं. तो मजकूर कुणाच्या उपयोगी पडणार, कुठे लागणार, तिथे चूक झाली तर कुणाची किती नाचक्की होणार, हा प्रश्न एकाही पेपरात आला नाही. होर्डिंग लावायला त्या रुग्णालयाने लाखांत पैसे मोजले असणार. फजिती वाचवण्याचे साडेसात.

या धड्याचा पुढचा भाग मी कोकणातल्या शब्दात सांगायचं तर 'शाळेत' शिकले. आमच्याकडे गणपती करायच्या जागेला शाळा म्हणतात, इथे मुंबईत कारखाना. माझे धाकटे मामा भांडुपलाच गणपती करतात. पावसाळा लागला की गिऱ्हाईकं घरचा पाट आणून देतात. पाटावर खडूने नाव, मूर्तीची उंची आणि पाठीमागे आडनावाखाली बिल्डिंगचा नंबर. पाट आला, सोबत थोडे आगाऊ पैसे आले, की मूर्ती ठरली. भिंतीला टेकवून ठेवलेले पाट मोजले की मामाला यंदाचा धंदा कळतो. तोंडी कुणी कितीही गोड बोलून जावो, पाट नसेल तर मामा माती भिजवत नाही.

साडेसात रुपयांचा किस्सा मी हसत हसत त्याला सांगितला. तो शाडूचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"पाट खंय गो?"

"कसला पाट?"

"त्येंचो पाट. नाय ना? मगे माती कित्याक भिजवलंस?"

आज आमच्या ऑफिसात कोटेशन मंजूर होऊन निम्मे पैसे खात्यात आल्याशिवाय कुणी फाइल उघडत नाही. नवीन काम आलं की मुली एकमेकींना विचारतात, "पाट आला का?" बाहेरच्याला कळत नाही आणि ते बरंच आहे.

आता तुम्ही दिलेल्याबद्दल.

भांडुपहून स्लो लोकल पकडायची, घाटकोपरला उतरायचं, मेट्रोने वर्सोवा. ती मेट्रो २०१४च्या जूनमध्ये सुरू झाली नसती तर मी या धंद्यात टिकले असते की नाही, शंका आहे. तिकडे आराम नगर, आदर्श नगर, ओशिवरा अशा गल्ल्यांतून लहान लहान स्टुडिओ आहेत. काचेच्या आत व्हॉइस आर्टिस्ट, बाहेर रेकॉर्डिस्ट आणि कोपऱ्यात स्टुलावर लेखक. लेखक कोपऱ्यात का, तर ओळ तोंडात बसली नाही की तिथल्या तिथे बदलून द्यायची. एसीचा गारठा, तासावर भाडं आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर.

समजा पडद्यावरचा माणूस हिंदीत म्हणतोय, 'बस, बहुत हुआ.' अर्थ पाहिला तर 'थांब, खूप झालं' हे उत्तम मराठी आहे. पण क्लोजअप आहे. त्याचे ओठ वाक्याच्या पहिल्याच क्षणी मिटतात आणि दुसऱ्या शब्दाच्या आरंभी परत मिटतात, कारण दोन्हीकडे ब आहे. 'थांब'मध्ये ओठ शेवटी मिटतात, 'खूप'मध्येही शेवटी. पडद्यावर तोंड उघडं आणि आवाज मिटलेला. प्रेक्षकाला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं वाटतं आणि तो चॅनल बदलतो. म्हणून 'बस, पुरे आता.' ब आणि प, दोन्ही ओष्ठ्य, दोन्ही जागच्या जागी. हिंदीच्या आठ मात्रा, आपल्या नऊ. जास्तीची एक मात्रा आर्टिस्ट गिळतो, चांगला असेल तर.

ओष्ठ्य, दंत्य, तालव्य मला कुणी शिकवलं? दुसऱ्या वर्षाच्या भाषाविज्ञानाच्या बाईंनी. तेव्हा शेवटच्या बाकावर आम्ही 'याचा उपयोग काय' म्हणून कुजबुजत असू. मात्रा कुणी मोजायला लावल्या? वृत्तांच्या तासाने. 'यमाताराजभानसलगा' घोकून घेतलं, भुजंगप्रयात म्हणजे लगागा चार वेळा हे फळ्यावर ठोकून ठोकून सांगितलं. आज मी टेबलावर बोटं वाजवत ओळीची लांबी मोजते तेव्हा रेकॉर्डिस्टला वाटतं की मला तबल्याचं अंग आहे. प्रत्यक्षात ते लघु-गुरू असतात.

सबटायटल्सचंही तसंच. एका कामात ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा होती आणि सॉफ्टवेअर सारखं लाल दिवा दाखवत होतं. माझी सहकारी रडकुंडीला आली. 'स्त्री' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर दिसतं. संगणकाच्या लेखी ती सहा चिन्हं: स, पायमोड, त, पायमोड, र आणि दीर्घ वेलांटी. जोडाक्षरं फोडायचा सराव होता म्हणून दहा मिनिटांत उलगडा झाला आणि पुढच्या कामाचं कोटेशन देताना मी मर्यादा कशी मोजणार, हे आधी विचारून घेतलं.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण, मला तुमची भीती वाटते. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला कौशल्यांचे अभ्यासक्रम आणि ऑन जॉब ट्रेनिंग आणलं. चांगलं आहे. पण श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिट्सची पोळी तेवढीच असते. कौशल्याला जागा करायची तर कशावर तरी कात्री चालणार आणि ती वृत्तांवर, बोलींवर, व्याकरणाच्या इतिहासावर चालवायचा मोह होणार, कारण ते 'जुनं' दिसतं. कृपा करून ते करू नका. सोशल मीडियावर पोस्ट कशी टाकायची ते मुलं तुमच्याआधी शिकलेली असतात. लगागा त्यांना तुमच्याशिवाय कुणी शिकवणार नाही. आता तर मला निम्मी कामं यंत्राने केलेलं भाषांतर म्हणून येतात, 'फक्त नजर टाका' हे ठरलेलं वाक्य आणि निम्मा दर. यंत्राचं मराठी दिवसेंदिवस सफाईदार होत चाललंय. त्या सफाईच्या खाली लपलेली 'चेष्टा' ज्याला दिसते, त्याच्याच हातात काम राहणार आहे. ती दिसायला जुना अभ्यासक्रम लागतो.

म्हणजे माझी तक्रार जे शिकवलं त्याबद्दल नाहीच.

नाटकाचा अख्खा पेपर होता आम्हाला. संगीत नाटकापासून प्रायोगिक रंगभूमीपर्यंत सगळं झालं. पण व्यावसायिक नाटकात नटाला प्रयोगागणिक पैसे मिळतात आणि त्याला 'नाईट' म्हणतात, हा शब्द तीन वर्षांत एकदाही वर्गात उच्चारला गेला नाही. शिवाजी मंदिरच्या आवारात उभं राहणाऱ्या कुणालाही तो माहीत असतो. दादासाहेब फाळके होते अभ्यासाला. त्यांनी १८८५ साली जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला, १९१३ साली पहिला चित्रपट केला, हे परीक्षेपुरतं पाठ. मधली गंमत मला नंतर कळली. पैसे घालणाऱ्याला पटावं म्हणून त्यांनी आधी वाटाण्याचं रोप कसं वाढतं, एवढंच दाखवणारी छोटी फिल्म केली होती. आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात. लंडनला जाण्यासाठी त्यांनी विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकल्या. पुढे भागीदारांशी न पटून ते आपणच उभ्या केलेल्या कंपनीतून काही काळ बाहेर पडले. त्यांचा हा सगळा प्रवास आम्हाला 'ध्यास' म्हणून शिकवला, हिशोब म्हणून नाही. (ध्यास हा शब्द मी होर्डिंगवर वापरला ते उगाच नाही.)

आता माझे हिशोब.

पहिलं मोठं काम चाळीस हजारांचं. खात्यात आले छत्तीस. चार हजार कुणी खाल्ले म्हणून मी त्या ऑफिसात जाऊन भांडले, आणि अकाउंटंट बिचारा मला समजावत राहिला की हा टीडीएस आहे, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, दहा टक्के, तुमच्याच पॅनवर जमा आहे, रिटर्न भरा, परत मिळेल. मी मान डोलावली आणि रिटर्न भरलं नाही. तीन वर्षं. 'माझं उत्पन्नच किती, रिटर्न कशाला' असं मला वाटे. त्यातल्या पहिल्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच, मुदत संपली होती.

दुसऱ्या एका एजन्सीने सात महिने पैसे अडकवले. दर सोमवारी फोन, दर सोमवारी "प्रोसेसमध्ये आहे". त्या सात महिन्यांत मी घरी खोटं बोलायला शिकले, त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. एका सीए मैत्रिणीने माझी वही पाहिली आणि विचारलं, "तुझं उद्यम आहे का?" मला वाटलं ती माझ्या उद्योगाबद्दल टोमणा मारतेय. उद्यम नोंदणी म्हणजे सूक्ष्म, लघु उद्योगांची सरकारी नोंदणी. २०२०च्या जुलैपासून आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. (पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही.) भाषांतर, लेखन, डिझाइन अशा सेवा देणारा एकटा माणूसही त्यात बसतो.

आणि ही नोंदणी असली की २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या कायद्याचं छत्र मिळतं. लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या दिवसांत, पण फार तर ४५ दिवसांत, आणि करारच नसेल तर १५ दिवसांत काम करून घेणाऱ्याने पैसे द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. दाद मागायला सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचा नियम असा लागू झाला की या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला खर्च म्हणून वजा धरता येत नाही. मी बिलाच्या तळाशी उद्यम नंबर छापायला लागले त्या वर्षीच्या मार्चमध्ये, जन्मात पहिल्यांदा, अकाउंट्सवाल्यांनी मला फोन केला. "मॅडम, तुमचं काही बाकी आहे का?" मी फोन स्पीकरवर टाकला, सगळ्यांनी ऐकावं म्हणून.

याची उलटी बाजूही आहे. काही कंपन्या आता उद्यमवाल्यांना कामच देत नाहीत अशी कुरकुर आमच्यात ऐकू येते. पण तो वाद घालायला तरी नियम माहीत असायला हवा.

'जीएसटी नंबर नाही तर काम नाही' असंही एकाने मला सांगितलं होतं. सेवांसाठी वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी घाबरून ते काम सोडलं.

करारांचं तर विचारू नका. माझ्या पहिल्या डबिंग करारात लिहिलं होतं की मी संहितेचे सगळे हक्क 'संपूर्ण विश्वात, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांसाठी' देत आहे. मंगळावर मराठी डबिंग पाहणार कोण, असा विचार करत मी सही केली. १९५७चा कॉपीराइट कायदा आपल्यासारख्यांच्या बाजूने बरंच बोलतो. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. देताना मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. २०१२च्या दुरुस्तीने भर घातली की जे माध्यम करार करताना वापरातच नव्हतं, त्याचे हक्क त्याचं नाव घेऊन लिहिल्याशिवाय जात नाहीत. साहित्याचे विद्यार्थी म्हणून आम्ही 'लेखकाचा मृत्यू' या कल्पनेवर दहा गुणांचं उत्तर लिहिलं. लेखकाच्या जिवंतपणीच्या हक्कांवर एकही नाही.

हे सगळं शिकवायला वाणिज्य शाखेचा माणूस आणू नका. भाषेच्या तासालाच शिकवा. करार हा मजकूरच आहे. त्यातलं 'सर्व' आणि 'यासह पण एवढ्यापुरते मर्यादित नाही' यांचं विश्लेषण कवितेच्या ओळीइतक्याच बारकाईने करता येतं, आणि ते बी.ए.चा विद्यार्थी बी.कॉम.च्या विद्यार्थ्यापेक्षा सरस करेल. कोटेशन हे पत्रलेखन आहे. तुम्ही अजूनही 'संपादकास पत्र' लिहायला लावता. एकदा थकलेल्या बिलाचं स्मरणपत्र लिहायला लावा: संबंध तुटता कामा नये, पैसे आले पाहिजेत, शब्द शंभर. मी बारा वर्षं लिहितेय आणि अजून मला पूर्ण जमलेलं नाही.

आणि पहिलं गिऱ्हाईक तुम्ही व्हा. तुमच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, वार्षिकांकाचं मुखपृष्ठ, प्रवेशाचं माहितीपत्रक, फाटकावरचा मराठी फलक (तो एकदा बाहेर जाऊन वाचून बघा) ही कामं बाहेरच्या छपाईवाल्याला पैसे देऊन जातात, आणि मुलांनी केली तर ती 'सेवा' ठरतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलाकडून कोटेशन मागवा. घासाघीस करा, खरी. निम्मे पैसे आधी द्या. बिलात चूक असेल तर परत पाठवा. ऑन जॉब ट्रेनिंगच्या नावाखाली मुलं कुठेतरी फायली लावून सही-शिक्का घेऊन येतात, त्यापेक्षा हे एक काम त्यांना जन्मभर पुरेल. रक्कम दोन हजार असली तरी चालेल. आपल्या अक्षराला कुणीतरी पैसे मोजलेत हे वयाच्या विसाव्या वर्षी कळलं, तर तेविसाव्या वर्षी साडेसात रुपयांचं बिल जात नाही.

अजून एक मागणं, जागेचं. मुंबईत कलेचा धंदा बुडतो तो बहुधा भाड्यात. मी पहिली तीन वर्षं स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून काम केलं, आणि नमुन्याचे आवाज रात्री गोधडीत डोकं खुपसून रेकॉर्ड केले, कारण शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. पहिला माइक आणि कॉम्प्युटर मुद्रा योजनेच्या शिशु कर्जातून आला, पन्नास हजारांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही. पण खोली कुठलं कर्ज देणार? तुमचे वर्ग संध्याकाळी सहानंतर रिकामे असतात. दादरच्या छबिलदास शाळेने १९७४ साली आपलं सभागृह प्रायोगिक नाटकवाल्यांना वापरू दिलं आणि पुढे त्या सगळ्या चळवळीलाच शाळेचं नाव पडलं. एक वर्ग, सहा ते नऊ, परवडेल एवढं भाडं, पदवीनंतरची दोन वर्षं. फुकट नकोच. फुकट दिलं की आम्हाला पुन्हा तीच सवय.

२०२५च्या मे महिन्यात वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) 'वेव्हज' परिषद झाली, सर्जनशील अर्थव्यवस्थेवर चार दिवस मोठमोठी भाषणं झाली. युनेस्कोने तर २०१९लाच मुंबईला चित्रपटांचं सर्जनशील शहर म्हटलंय. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण त्या मांडवातून आमच्या मुलीमुलांपर्यंत यायला वाट तुमच्या वर्गातूनच आहे, आणि वर्गात अजून पैसा हा शब्द आला की सर खिडकीबाहेर बघतात.

त्या महाविद्यालयाला मी काय कळवलं, ते इथे जसंच्या तसं देते. इतरांनाही उपयोगी पडेल.

'विषय: तृतीय वर्ष बी.ए.साठी व्याख्यान व सराव, कोटेशन. कालावधी: दीड तास, त्यातला अर्धा तास विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष बिल लिहिणं. मानधन: रुपये ४,०००. त्यापैकी २,००० तारीख पक्की करताना, उर्वरित व्याख्यानानंतर १५ दिवसांत. प्रवासखर्च यात धरला आहे. वर्षभरातली एकूण रक्कम ५०,०००च्या आत असल्याने टीडीएस कापण्याची आवश्यकता नाही. उद्यम नोंदणी क्रमांक व बँकेचा तपशील सोबत. हे कोटेशन ३० दिवस वैध.'

अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी फोन करीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
भांडुप (पश्चिम), मुंबई

ता.क. शाल नको. नारळ चालेल, शुक्रवारी आमच्याकडे सोलकढी असते.